विहिरीच्या पानावर रोज येणारा

या सदरातले अनुभव आमची सूनबाई दुपारी मोठ्यानं वाचते आणि मी ऐकतो. ऐकतो म्हणजे हसतो. कुणाला घाटाच्या वळणावर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, कुणाच्या पाठीमागं पैंजण वाजतात, कुणाला बंद खोलीतून हाक येते. मी पन्नास वर्षं विहिरींवर काढली. पडक्या विहिरी, ओसाड विहिरी, गावानं टाकून दिलेल्या विहिरी. मला एकही तसली बाई भेटली नाही. भेटल्या त्या घागर घेऊन आलेल्या, आणि त्या मलाच शिव्या देऊन गेल्या, कारण माझ्या इंजिनाचं तेल पाण्यावर तरंगत असायचं. तेव्हा माझ्याकडून पैंजणांची आशा धरू नका. मी लिहितोय ते एका कॉम्प्युटरचं आहे, आणि भरदुपारचं आहे.

माझं शिक्षण चौथी. म्हणजे चौथीत बसलो, पास झालो का नाही ते मास्तरला ठाऊक. मिरजेत स्टेशनापासून दहा मिनिटं चाललं की माझं इंजिन-पंप दुरुस्तीचं दुकान. खाली जतपासून वर खटाव-माणपर्यंत माझ्या हाताखालून न गेलेलं इंजिन शोधावं लागेल. बांधावरनं नुसता आवाज ऐकून मी सांगायचो — इंजिन कुठल्या कंपनीचं, किती वर्षांचं, आणि मालक तेल बदलायला चिंगूस आहे का नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. विचारा कुणालाही.

माझा मुलगा विलास इंजिनिअर झाला आणि त्या दिवसापासून त्याच्या नखांत काळं गेलं नाही. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं होतं, सगळीकडं विजेच्या मोटारी आलेल्या, म्हणून मी जेवून एस.टी.नं त्याच्या क्लासवर जाऊन बसायचो. बसायचो म्हणजे चुका काढायचो.

त्याच्याकडं फोनच्या तारेला जोडलेली एक डबी होती. इंटरनेट लागायच्या आधी ती किंचाळायची, मग घोरायची, मग परत किंचाळायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, "बेअरिंग गेलंय ह्याचं."

"आबा, ते कनेक्ट होतंय."

"चालू हुताना माझं एक बी इंजिन रडत न्हाई."

एक दिवस विलास म्हणाला की तो वेबसाइट करणार. इंजिन-पंपाच्या दुरुस्तीची. "तुमची सगळी माहिती त्यात घालू. जगात कुठनं बी माणूस वाचंल."

"जगात विहिरी हायत का?"

"असत्यात की."

"मग त्यांचं मिस्त्री काय मेलं का?"

पण खरं सांगतो, आतून मला बरं वाटलं होतं. चौथीतल्या माणसाचं कुणी वाचणार म्हटल्यावर वाटणारच. मी सांगायचो आणि सूनबाई लिहून घ्यायची. त्या वेळी कॉम्प्युटरवर मराठी धड येत नव्हतं, बाहेरच्या माणसाला अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. म्हणून सूनबाईनं सुवाच्य अक्षरात कागदावर लिहायचं आणि तो कागद फोटोसारखा आत घालायचा, अशी युक्ती काढली. काही पानं विलासनं इंग्रजीत केली. सगळी मिळून चौदा पानं झाली आणि प्रत्येकाच्या तळाला एक आकडा बसवला. कुणी पान उघडलं की आकडा एकनं वाढायचा. हा आकडा कुठल्यातरी परदेशी कंपनीकडून फुकट मिळाला होता. पान न उघडता सगळ्या पानांचे आकडे एकाखाली एक दिसतील अशी एक यादीही त्या कंपनीकडं होती. विलास रोज ती यादी काढायचा आणि मला दाखवायचा.

त्या यादीनं मला माणसाची अक्कल दाखवली.

मला वाटलं होतं, ज्या पानात ज्ञान जास्त तिथं गर्दी जास्त. इंजिनाच्या धुराचा रंग बघून रोग कसा ओळखायचा — काळा, पांढरा, निळा — हे पान मी तीन दुपारी सांगत होतो. आयुष्यभराची कमाई त्यात ओतली. त्या पानावर किती माणसं आली? नऊ. त्यातली दोन आमच्या घरातली. बेअरिंग हातानं कसं घासून बसवायचं, त्याला चार. आणि गर्दी कुठं होती ऐका. विलासनं एका जुन्या इंजिनाचा फोटो टाकला होता, दोन मोठ्या चाकांचं, दहा वर्षं बंद, कोंबड्या त्यावर झोपायच्या. त्या फोटोवर शेकड्यांनी माणसं. इंग्लंडची, ऑस्ट्रेलियाची. गेस्टबुक म्हणून पाहुण्यांनी लिहायचं एक पान होतं, त्यात ती लिहायची — किती सुंदर इंजिन, माझ्या आजोबांकडं असंच होतं. सुंदर म्हणे. ते इंजिन थंडीत सुरू करताना माझ्या अंगठ्याचं हाड मोडलंय. घरात तोटी फिरवली की पाणी येणाऱ्या माणसाला इंजिन सुंदर दिसतं.

त्याच्या खालोखाल गर्दी इंजिनाच्या आवाजाच्या पानावर. विलासनं आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता, बटण दाबलं की धक् धक् धक् ऐकू यायचं. माणसं येऊन तो नुसता ऐकायची. कुणी विचारलं नाही की आवाज चौथ्या ठोक्याला का अडखळतोय. मी मुद्दाम अडखळणारं इंजिन निवडलं होतं, बघू कुणाला कळतंय का. कुणाला नाही.

"जत्रेत बी तसंच असतंय आबा," विलास म्हणायचा. "शेतकी प्रदर्शनाच्या मांडवात कुत्रं नसतंय आणि पाळण्याला रांग."

"मग पाळणाच काढायचा व्हतास. मला कशाला बसवलंस मांडवात?"

आता ज्या पानाची गोष्ट आहे त्याकडं येतो.

आमच्या भागात उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की पंपाला वरून ते ओढत नाही. मग माणसं इंजिनच विहिरीत उतरवतात. आतल्या कपारीवर नेऊन ठेवतात आणि तिथं चालवतात. रॉकेलवर चालणारी छोटी इंजिनं असली की आणखी सोपं, दोघांनी दोरी धरली की उतरलं. धूर सगळा विहिरीत साठतो. इंजिन तेल संपून बंद पडलं की तेल घालायला माणूस खाली जातो. कधीकधी वर येत नाही.

त्यावर मी एक पान सांगितलं होतं. "विहिरीत उतरण्याआधी" असं त्याचं नाव. त्यात लिहिलं होतं — आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडा. कंदील विझला तर उतरू नका. जळत राहिला तर खुशाल उतरा. हा "खुशाल" शब्द माझा. सूनबाई म्हणाली, "मामंजी, खुशाल नको वाटतं." मी म्हणालो, "मी सांगतो तसं ल्ही."

त्या पानाचा आकडा तीन होता. विलासनं उघडलं, सूनबाईनं उघडलं, आणि विलासनं परत एकदा. तीन महिने तीनच. मी रोज त्या तीनकडं बघून जगाला शिव्या घालायचो.

मग उन्हाळा लागला आणि आकडा चार झाला.

दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सहा. रोज एक. बाकीच्या पानांवर माणूस यायचा तो इकडंतिकडं चार पानं उघडायचा, हा फक्त ते एकच पान उघडायचा आणि जायचा. विलासनं वेळ पाहिली तेव्हा कळलं की हे रोज जेवणानंतर होतंय, दोनच्या पुढंमागं. आम्ही दोघं यादी उघडून बसायचो. पावणेदोनला बघावं तर अकरा. सव्वादोनला बघावं तर बारा.

मी खूश झालो. म्हणालो, "निघाला एक शहाणा."

विलास म्हणाला, "माणूस नसंल आबा. कंपन्यांची मशीन असत्यात, सगळ्या वेबसाइटी वाचत फिरत्यात."

"मशीन माझं पान वाचतंय आणि माणसं कोंबड्यांचं इंजिन बघत्यात. म्हणजे अक्कल कुणाला हाय?"

त्याला ते लागलं. त्यानं पहिल्या पानावरून या पानाकडं जायची वाटच काढून टाकली. आता कुणाला ते सापडणारच नाही, बघू कसं येतंय मशीन, म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा एकनं वाढला. "कुणीतरी पत्ता टिपून ठेवला असंल," विलास म्हणाला. असेल. मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटण्यासारखं अजून काही झालंच नव्हतं.

झालं ते असं. एक दिवस मी पोचलो तर विलास गेस्टबुक वाचत हसत होता. फोटोवाल्या पाहुण्यांच्या इंग्रजी कौतुकाखाली कुणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. नाव नाही, गाव नाही.

"कसलं येडं असत्यात बघा," विलास म्हणाला. "एवढंच ल्हिलंय... कंदील विझला नव्हता."

मी म्हणालो, "परत वाच."

"कंदील विझला नव्हता. आपल्या पानातला म्हणावा, तर कुणाचा, कधीचा? काय अर्थ हाय का?"

मी टोपी घातली आणि बाहेर येऊन क्लासच्या पायरीवर बसलो. विलास पाणी घेऊन आला तर त्याला म्हणालो, ऊन लागलं.

आता जे सांगतो ते मी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही, ती गेली तरी.

बहात्तरच्या उन्हाळ्यात माझा एक भागीदार होता, महादू. तासगावचा. त्याला सही येत नव्हती, अंगठा द्यायचा, पण हात असा की बंद इंजिनाला त्यानं नुसता हात लावला तरी ते चालू होईल असं वाटायचं. एका मळ्यात आम्ही विहिरीत इंजिन उतरवलं होतं. सहा परस खोल विहीर, म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी केली तर तळ लागावा. चार तास चालून इंजिन बंद पडलं. दुपारची वेळ, मळेवाला जेवायला गेलेला, वर आम्ही दोघंच. मी कंदील सोडला. जळत होता. महादू म्हणाला, "जरा वारं खेळू द्या मिस्त्री. काल बी माझं डोस्कं लय दुखलं खाली."

मी म्हणालो, "कंदील जळतोय न्हवं? त्याला डोस्कं न्हाई, तुलाच हाय?"

तो हसला आणि उतरला. कपारीवर पोचला. तेलाचा डबा खाली ठेवला आणि इंजिनाला टेकून बसला, दमलेला माणूस बसतो तसा. मी हाक मारली. त्यानं वर बघितलं नाही. मग तो हळूच एका बाजूला कलला आणि पाण्यात गेला. आवाजसुद्धा मोठा झाला नाही.

दोरी माझ्या हातात होती. मी ओढली. का ओढली ते मला आजही सांगता येत नाही, माणूस पाण्यात आणि मी कंदील वर ओढतोय. कंदील वर आला. जळत होता. काचेवर काजळीसुद्धा नव्हती.

मी तो फुंकला. मग ओरडलो.

माणसं धावत आली. कुणीतरी विचारलं, कंदील सोडला नव्हता का? मी म्हणालो, "सोडला व्हता की. इझला. मी नको नको म्हणत व्हतो, त्यानं ऐकलं न्हाई."

संपलं. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. महादूच्या बायकोला मी तेच सांगितलं. आणि पुढची सत्तावीस वर्षं प्रत्येक मळेवाल्याला कंदील सोडायला शिकवलं. तुम्ही म्हणाल, खोटा ठरलेला कंदील शिकवला कसा? शिकवावाच लागला. कंदील खोटा म्हटलं की महादूला कुणी मारलं ते विचारायला लागलं असतं. कंदील खरा धरला की सगळं जिथल्या तिथं बसत होतं.

त्या पायरीवर बसून मी हिशेब केला, त्या विहिरीवर तेव्हा कोण होतं. मी. महादू. बाकी कुणी नाही. आणि मग मला दुसरंच आठवलं आणि मी उठलो.

माझी मुलगी सुमन खटाव तालुक्यात दिली आहे, सातारा जिल्ह्यात, मायणीच्या पुढं. जावई मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. ते दिवाळीला आले होते तेव्हा विलासनं त्यांना कौतुकानं त्या पानाची कॉपी काढून दिली होती, आणि त्यांनी तिला प्लॅस्टिक चढवून विहिरीवरच्या खोपटात लावली होती. सुमनचं पत्र आठ दिवसांपूर्वीच आलं होतं. पाणी खाली गेलंय, रॉकेलचं इंजिन आत उतरवलंय, आबांच्या पानाप्रमाणं सगळं करतात, काळजी नसावी.

तिच्याकडं फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एस.टी. धरली, विट्याला पुढच्या गाडीनं तीन तास बसवून ठेवलं. वाटेत मी ठरवत होतो काय सांगायचं. जावयाला सांगायचं आणि खरं सांगायचं नाही, असं काहीतरी. कंदील जुना झाला, आता नवी पद्धत आलीय, असं.

मळ्यात पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. जावई विहिरीच्या काठावर उभे, हातात दोरी. एक पाय भिंतीतून काढलेल्या दगडी पायरीवर. खाली इंजिन नुकतंच बंद पडलेलं, गरम तेलाचा वास काठापर्यंत येत होता.

"या मामा. वेळेवर आलात. बघा, तुमच्या कायद्यानं चाललंय." दोरी हलवून दाखवली. खाली कंदील जळत होता.

"पाय वर घ्या."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

जावई हसले. "मामा, मिलिटरीत बी असंच सांगायचे. तिथं ऐकत होतो, पगार मिळायचा. हे तुमचंच पान हाय, तुमचंच अक्षर..."

"अक्षर सूनबाईचं हाय."

"अक्कल तर तुमची. जळत राहिला तर खुशाल उतरा. खुशाल." त्यांनी दुसरा पाय खाली घातला. "पीक वाळतंय तिकडं. कारण सांगा, न्हाईतर आत जाऊन सुमनच्या हातचा चहा घ्या."

मी काठावर बसलो. माझ्या आयुष्यात मी कुणासमोर खाली बसून बोललो नाही, गिऱ्हाइकासमोर नाही, जावयासमोर तर नाहीच. शेजारच्या पातीत दोन बायका खुरपत होत्या, त्यांनी माना वर केल्या. मी सगळं सांगितलं. कंदील, महादू, फुंकर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मघाशी तुम्हाला सांगितलं त्याच क्रमानं. फक्त गेस्टबुकचं सांगितलं नाही.

जावयांनी पाय वर घेतले. खोपटाच्या मागं गेले, खुराड्यातली एक कोंबडी धरली, पाटीत घालून वरून फडकं बांधलं आणि दुसऱ्या दोरीनं पाटी खाली सोडली. कंदिलाच्या शेजारी, बरोबर त्याच उंचीवर. आम्ही दोघं वाकून बसलो. पहिल्यांदा पंखांची फडफड ऐकू आली. मग थोडी. मग नाही.

पाटी वर घेतली. कोंबडीनं मान टाकली होती. कंदील अजून जळत होता.

जावयांनी कंदील वर ओढला आणि माझ्यासमोर ठेवला. फुंकला नाही. मग म्हणाले, "चला मामा, जेवून घ्या."

संध्याकाळी सुमन विचारत होती, "माझी अंड्यावरची कोंबडी कुठं गेली?" जावई म्हणाले, "ड्युटीवर." एवढंच. नंतर त्यांनी इंजिन वर काढलं, आणि त्या सालचं निम्मं पीक गेलं. त्यावरून मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परत आल्यावर विलासला विचारलं, असं का होतं. त्यानं पुस्तक उघडलं आणि सांगितलं की इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. माणूस मरायला त्यातला थोडासा पुरतो, पण तेवढ्यानं दिवा विझत नाही. शाळेच्या पुस्तकात होतं ते. विलासला ठाऊक होतं. त्यानं माझं पान घातलं तेव्हा त्याला विचारावंसं वाटलं नाही आणि मी विचारू दिलं नसतं. इंजिनिअर बाप-लेक आम्ही.

मग ते पान मी बदललं. या वेळी सूनबाईला लिहू दिलं नाही. माझ्या हातानं लिहिलं, वाकडंतिकडं, चौथीतलं. कंदिलावर भरवसा ठेवू नका. इंजिन विहिरीत उतरवूच नका. उतरवलंच असेल तर बंद पडल्यावर त्या दिवशी आत जाऊ नका. माझा भागीदार महादू असाच गेला, कंदील जळत होता, चूक माझी होती. खाली माझी सही. विलास म्हणाला, "आबा, शेवटचं काढूया का? गिऱ्हाईक काय म्हणंल?" मी म्हणालो, गिऱ्हाईक कोंबड्यांचं इंजिन बघायला येतं, त्याला काय कळणार आहे. ठेव.

पान चढवलं सकाळी. दुपारी दोन वाजता आम्ही यादी उघडून बसलो. आकडा सत्तेचाळीस होता. सव्वादोनला सत्तेचाळीस. तीनला सत्तेचाळीस. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, महिन्यानं, दिवाळीत. सत्तेचाळीस.

आता माझं डोकं फिरलं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, मी चौकशी करायची बाकी ठेवलेली नाही. विलासला शपथ घातली, त्यानं लिहिलं नाही. त्याला ठाऊकच नव्हतं तर लिहिणार काय. तो म्हणतो, कुणीतरी बांधावरनं बघितलं असेल. त्या मळ्याला तेव्हा बांध उघडे होते, आडोसा नव्हता, कुणी असता तर मला दिसला असता. तो म्हणतो, तुम्ही झोपेत बडबडला असाल. बडबडलो तर माझ्या बायकोनं ऐकलं असेल, आणि ती त्याच्या सात वर्षं आधीच गेली. शेवटी तासगावला गेलो. महादूच्या बायकोकडं, हौसाबाईकडं.

ती एका बेदाण्याच्या शेडवर निवडायच्या कामाला जाते. तिथंच गेलो. खाली बेदाणा पसरलेला, बायकांची रांग, ती एका कडेला. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "वहिनी, तुमच्या घरात कुणाला कॉम्प्युटर येतोय का?"

"आदी लाईट येती का इचारा," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. तिचे हात थांबले नाहीत. काडी एकीकडं, खडा एकीकडं, दाणा एकीकडं. मी संपवलं तरी ती निवडतच होती. मला वाटलं ऐकलंच नाही.

मग म्हणाली, "सत्तावीस वरसं मी त्येला शिव्या दिल्या, मिस्त्री. सणाला, सराधाला, पोरगीच्या लग्नात. कुणाचं ऐकत न्हवता म्हणून मेला, म्हणून." एक दाणा हातात धरून बघितला आणि ढिगात टाकला. "आन त्यो तर तुमचं ऐकून उतरला."

"मला द्या शिव्या," मी म्हणालो.

"तुमाला देऊन त्येच्या फिटत्यात व्हय? जावा आता. खाडं धरतील माझं."

मी उठून आलो.

तर हा माझा अनुभव. ज्या माणसाला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं, तो इंग्रजी अक्षरं लिहील असं मी म्हणत नाही. म्हणणार पण नाही, माझी अक्कल अजून तेवढी गेलेली नाही. पण दुसरं काय म्हणायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही, आणि तुमच्यातल्या शहाण्यांनी पत्रं पाठवून सांगायची तसदी घेऊ नये.

ती वेबसाइट अजून आहे. कोंबड्यांच्या इंजिनावर गर्दी आहे. विहिरीच्या पानाकडं जायची वाट विलासनं परत जोडली आहे, पहिल्या पानावर, वर, ठळक. तिकडं कुणी फिरकत नाही. विलास म्हणतो, आबा एकदा उघडून बघा, तुमचं अक्षर कसं दिसतंय. मी उघडत नाही. मी उघडलं की सत्तेचाळीसचे अठ्ठेचाळीस होतील.